कुंडीचं डोहाळजेवण

मी आयुष्यात एकच डोहाळजेवण घातलं, आणि तेही एका कुंडीला.

हे वाचून तुमचं माझ्याबद्दल जे काही मत झालं असेल, ते आमच्या सासरच्या मंडळींचं फार पूर्वीच झालेलं आहे, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. (थोडं वाटतं.)

आधी सासरचं सांगते. मी माहेरची सांगलीची आणि सासर बेंगळुरूचं. नोकरीसाठी काल-परवा आलेले नव्हेत हं! आमच्या सासरचे लोक इथे इतक्या पिढ्या राहिलेत की मूळ गाव कुठलं विचारलं तर छाती पुढे काढून ‘जयनगर’ म्हणून सांगतात. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत ‘सरी’ म्हणजे बरं, ‘साकु’ म्हणजे पुरे, आणि ‘अय्यो’ म्हणजे प्रसंग पडेल तसं काहीही. सासूबाईंना आम्ही अत्ते म्हणतो आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना अक्का. त्या दोघी जयनगरच्या घरात, आणि मी व माझा नवरा श्रीधर सर्जापूर रोडवर सातव्या मजल्यावर, जिथून खाली पाहिलं की फक्त गाड्यांची टपं दिसतात.

आमच्या घरी चैत्रात गौर बसते. हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. फक्त एक रीत आमच्याकडे जास्तीची आहे. गौरीच्या पायाशी पहिलं फूल वाहायचं ते घरच्या झाडाचं. नंतर मार्केटातून टोपलीभर मोगरा आणा, कोणी काही म्हणणार नाही. पण पहिलं फूल घरच्या कुंडीतलं हवं. अक्काच्या गच्चीवर जास्वंदीपासून ऑर्किडपर्यंत सगळं फुलतं, त्यामुळे गौर कायम तिच्याकडे. आणि माझ्याकडे? माझ्या हातात झाडं टिकत नाहीत हो. मी मनीप्लांट मारलाय, कोरफड मारलीय. एकदा निवडुंगसुद्धा मारला, तेव्हा श्रीधर म्हणाला, “वाळवंटाला जे जमलं नाही ते तू बाल्कनीत करून दाखवलंस.”

पण मला एकदा तरी गौर माझ्या घरी बसवायची होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सणाला मी आपली ताट-वाट्या पुसायला जयनगरला हजर! एकदा धीर करून मी अत्तेंना म्हटलं, “अत्ते, पुढच्या वर्षी गौर आमच्याकडे बसवू या का?”

“बसवू की,” अत्ते म्हणाल्या, “तुझ्याकडे एक फूल लागू दे आधी!”

सगळे खो खो हसले. अत्तेसुद्धा हसल्या, अगदी मायेनं. मी मात्र हसले नाही. मला ते चांगलंच झोंबलं होतं.

त्याच पावसाळ्यात लालबागेतल्या फुलांच्या प्रदर्शनात मला ऑर्किड भेटलं. खरं तर फुललेली सगळी विकली गेली होती आणि चार जाड हिरवी पानं असलेलं एक झाड कोपऱ्यात बापुडवाणं बसलं होतं.

“भय्या, इसका कलर कौनसा?”

“सर्प्राइज, मॅडम!”

“और करनेका क्या इसको?”

“कुछ नहीं करनेका मॅडम. जितना कम करेंगे, उतना अच्छा.”

काही करायचंच नाही! असं झाड आजवर माझ्यापासून लपवून का ठेवलं होतं, हेच मला कळेना. मी ते छातीशी धरून घरी आणलं, आणि घरी येताच पहिलं काम काय केलं असेल, तर बरंच काही केलं. कुंडीत पाहिलं तर मातीच नाही! नुसते कोळसे आणि झाडाच्या सालीचे तुकडे. मी अशी भडकले! “श्रीधर, बघ, फसवलं मेल्यानं. चुलीतला कचरा भरून दिलाय!”

“काही करायचं नाही म्हणाला होता ना तो?” श्रीधर म्हणाला.

“म्हणून काय उपाशी मारू तिला?” मी म्हटलं. (एव्हाना ऑर्किडची ‘ती’ झाली होती.)

त्या रविवारी आम्ही थेट आनेकलच्या पुढे गेलो आणि एका शेतकऱ्याकडून छान लाल माती आणि शेणखत पोतं भरून आणलं. येताना सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये इतके अडकलो की त्या पोत्यात एखादं पीक निघालं असतं. घरी येऊन मी कोळसे काढून टाकले, ती जाडजूड मुळं मातीत नीट गाडली, वरून बादलीभर पाणी घातलं आणि अक्काला व्हिडिओ कॉल लावला. कौतुक व्हावं एवढीच अपेक्षा होती.

“अय्यो!” अक्का किंचाळली. “जिवंत पुरलंस की गं तिला!”

मग तिनं मला फोनवरच फैलावर घेतलं. ऑर्किड झाडाच्या फांद्यांवर राहणारी जात. तिच्या मुळांना माती नको, वारा हवा. ऊन पडद्याआडचं, पाणी क्वचित. “आणि एक लक्षात ठेव. मुळं हिरवी दिसली की तिचं पोट भरलंय, रुपेरी दिसली की तहान लागलीय. रुपेरी झाली तरच पाणी द्यायचं. समजलं?”

“समजलं. रुपेरी म्हणजे तहान.”

“सरी. आता काढ तिला बाहेर.”

मी तिला उकरून काढलं, मुळं धुतली, कचऱ्याच्या डब्यातून कोळसे परत वेचले. ती माती मात्र फेकायला जीव होईना. एवढी आनेकलहून मिरवत आणलेली! मी ती एका फुटक्या बादलीत ओतली आणि बादली स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत, कपडे धुवायच्या त्या छोट्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे सरकवून दिली. तिथे ती मी साफ विसरून गेले.

यानंतर मी शिस्तीत वागले. रोज सकाळी चहाच्याही आधी मुळं बघायची. हिरवी? गप्प बसायचं. हे गप्प बसणं किती अवघड असतं ते ज्यानं हातात झारी घेऊन ते केलंय त्यालाच ठाऊक. श्रीधरनं तिला वारा लागावा म्हणून टेबलफॅन लावून दिला. घरात आम्ही दोघं वर्तमानपत्रानं वारा घेतोय आणि पंखा कुंडीपुढे, हा देखावा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकानं पाहिलाय.

आणि संक्रांतीच्या सकाळी ते दिसलं! खालच्या पानाच्या बगलेतून एक हिरवागार, गोल, तुकतुकीत कोंब बाहेर आला होता. मी अशी ओरडले की श्रीधर आंघोळ अर्धवट टाकून धावत आला.

“काय झालं? कोण पडलं?”

“काडी आली! फुलाची काडी! श्रीधर, आपल्याकडे फूल येणार!”

मी फोटो काढला, अक्काला पाठवला. एरवी ताबडतोब उत्तर देणारी बाई, पण आज किती तरी वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं: ‘छान. तब्येत उत्तम आहे तिची. सांभाळ.’ बस्स. मी मनात म्हटलं, जळली वाटतं! आणि लगेच अत्तेंना फोन केला. “अत्ते, फूल येतंय! गौर माझ्याकडे!”

“अगंबाई! शब्द म्हणजे शब्द,” अत्ते म्हणाल्या. “गौर तुझ्याकडे. मी आठ दिवस आधीच येऊन राहते.”

मी फोन ठेवला आणि एकटीच बाल्कनीत नाचले. समोरच्या टॉवरमधल्या एका गृहस्थांनी पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला.

अत्तेंना आठ दिवसांचा धीर कुठला! त्या महिनाभरातच बॅग घेऊन हजर झाल्या. कुंडीपुढे खुर्ची टाकून बसल्या, चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, “पहिलटकरीण आहे गं. डोहाळे पुरवायला हवेत.”

त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. पण मला कल्पना सुचायला तेवढं पुरे होतं. मी सोसायटीतल्या मराठी बायकांना आमंत्रण दिलं, शेजारच्या पद्माला बोलावलं, (तिला मराठी येत नाही, पण साडी नेसून येण्याचं कुठलंही कारण तिला चालतं) आणि पुढच्या रविवारी चक्क डोहाळजेवण घातलं! कुंडीला हिरवा खण गुंडाळला, आधाराच्या काठीत हिरव्या बांगड्या अडकवल्या, पानांवर मोगऱ्याची वेणी ठेवली. अत्तेंनी ओटी भरली. खाली ठेवायला अक्का जयनगरहून गौरीचा जुना पाट घेऊन आली होती. “गौर इथेच बसायची आहे, तर पाट आत्ताच राहू दे,” ती म्हणाली. मी पाटावर कुंडी ठेवली. मान म्हणजे पुरता मान!

मग बर्फी की पेढा! फुलाचा रंग कुणालाच माहीत नव्हता, तेव्हा दोन वाट्या झाकून ठेवल्या. बर्फी निघाली तर पांढरं फूल, पेढा निघाला तर पिवळं.

“पण वाटी उचलणार कोण?” पद्मानं कन्नडमधून विचारलं.

“कोंब जिकडे वळलाय ती वाटी तिची,” अत्तेंनी निकाल दिला.

कोंब एव्हाना वीतभर वाढला होता आणि खाली वाकून डावीकडे वळला होता. बर्फी निघाली! बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का तर पदर तोंडाला लावून इतकी भारावली की तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला एकदम भरून आलं. या बाईला मी जळकी म्हटलं होतं! मी जाऊन तिला मिठी मारली, तेव्हा ती आणखीच हलायला लागली.

यानंतर काडी वाढत गेली. वाढत गेली, वाढतच गेली. कळी काही येईना. फुलाची काडी वर जाते म्हणतात, ही खाली चालली होती. “लाजतेय,” मी म्हटलं. हळूहळू तिचा हिरवा रंग गेला आणि टोक सोडून सगळी काडी रुपेरी झाली. “बघ, काय चांदीसारखी कांती आलीय!” मी श्रीधरला दाखवलं.

श्रीधरनं एकदा काडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. “मला एक शंका येतेय,” तो जपून म्हणाला, “हे मूळ तर नसेल?”

“मूळ? तुझ्या जिभेला काही हाड?” मी कडाडले. “डोहाळजेवण झालंय तिचं! मुळाचं कुणी डोहाळजेवण करतं?”

तो पंखा पुसायला निघून गेला.

आणि हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. कळी नव्हतीच. मी मनाशी म्हणत होते, आज उमलेल, अगदी शेवटच्या क्षणी उमलेल, गौरीला काळजी आहे. सकाळपासून डाळ वाटली, पन्हं ढवळलं, कलिंगडाची कमळं कापली. अक्का जरीची साडी नेसून, नथ घालून आली आणि सोफ्यावर ऐसपैस बसली. जेवणाखाणाच्या कामाला हातसुद्धा लावला नाही तिनं. अत्ते म्हणाल्या, “चला, पाट द्या, गौर बसवू.”

पाटावर कुंडी होती. मी वाकले, दोन्ही हातांनी कुंडी उचलली, आणि कुंडीबरोबर पाट उचलला गेला!

“अगं, पाट सोड,” अत्ते म्हणाल्या.

“मी कुठे धरलाय?”

“मग कोणी धरलाय?”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. माझी चांदीच्या कांतीची, लाजरी, पहिलटकरीण काडी पाटाच्या लाकडाला अशी घट्ट चिकटून बसली होती की जणू खिळे ठोकलेत. पद्मानं हळूच ओढून पाहिलं. श्रीधरनं उलथनं आणलं, ते मी हिसकावून घेतलं. अत्ते अगदी विचारपूर्वक म्हणाल्या, “पण फूल कशाला पाटाला धरेल?”

“ओढू नका,” सोफ्यावरून अक्का म्हणाली. “मूळ आहे ते.”

काय सांगू तुम्हाला! रुपेरी म्हणजे तहान, हे मी रोज सकाळी पाठ म्हणत होते. इतर प्रत्येक मुळाला पाणी दिलं. फक्त हिला चांदीची कांती म्हणून मिरवलं, खण गुंडाळला, बांगड्या घातल्या, बर्फी खायला दिली! बायका यायला थोडाच वेळ होता. गौर दारात आणि माझ्या घरात फूल नाही. मी तडक युटिलिटीत गेले, दार लोटलं आणि वॉशिंग मशीनवर डोकं टेकून रडले. फुलासाठी नाही हो. एवढ्या वर्षांनी गौर माझ्याकडे आली होती आणि मी तिला रिकाम्या हातांनी उभी करणार होते, त्याचं रडू येत होतं.

मागोमाग अत्ते आल्या. “रडतेस काय? पन्हं कोण वाटणार?”

“अत्ते, माझ्या घरी फूल नाही. गौर परत घेऊन जा.”

“कुठे घेऊन जाऊ या उन्हात? आणि सर्जापूर रोडनं? पोचेपर्यंत अक्षय्य तृतीया उलटेल!” त्यांनी माझे डोळे पुसायला पदर पुढे केला, आणि तशाच थांबल्या. “हे गं काय?”

मशीनच्या मागे, फुटक्या बादलीत, आनेकलच्या त्या लाल मातीत, एक सदाफुली उभी होती. कुणी लावली नाही, कुणी पाहिली नाही. बी मातीतूनच आलं असावं. मशीनच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यावर वाढली असावी. आणि अंगभर फुलं! जांभळी, टपोरी, जणू कुणाची वाट बघत असल्यासारखी.

“घरचंच ना हे झाड?” अत्तेंनी विचारलं.

“घरचंच,” मी नाक ओढत म्हटलं. “पण मी काही केलं नाही त्याला.”

“म्हणूनच फुललंय,” अत्ते म्हणाल्या. “तोड एक. मला वाकवत नाही.”

माझ्या घरच्या पहिल्या गौरीला पहिलं फूल माझ्या घरच्या सदाफुलीचं वाहिलं. मूळ तोडायला अत्तेंनी साफ मनाई केली. “पाट रुंद आहे, दोघी बसतील,” असं म्हणून त्यांनी गौर कुंडीशेजारीच बसवली. आलेल्या बायकांनी कुंडीलाही हळदीकुंकू लावलं. डोहाळजेवणाला आलेल्या एकीनं हळूच विचारलं, “मग काय झालं हिला?” मी म्हटलं, “मूळ.” ती म्हणाली, “असू दे, सुखरूप आहे ना!” मला इतकं हसू आलं की पन्ह्याचा तांब्या हातातून सुटता सुटता राहिला. एवढी हसरी गौर मी जयनगरलाही पाहिली नव्हती.

सगळं आटोपल्यावर मी अक्कासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. “तुला कधी कळलं होतं?”

“संक्रांतीला. फोटो बघितल्या बघितल्या.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर गौर परत माझ्याकडे!” अक्कानं पन्ह्याचा पेला पुढे केला. “लग्न झाल्यापासून डाळ वाटतेय मी. यंदा पहिल्यांदा नटून आले, पाय पसरून बसले, आणि कुणीतरी हातात आयतं पन्हं दिलं. अजून स्वल्प घाल बघू.”

“मग डोहाळजेवणाला रडत कशाला होतीस?”

“रडत?” अक्का म्हणाली. “अय्यो, हसत होते गं!”

मग तिनं मला जवळ बसवून नीट शिकवलं. फुलाच्या काडीचं टोक चपटं, तान्ह्या बाळाच्या हातमोज्यासारखं असतं आणि ती वर बघते. मुळाचं टोक गोल असतं आणि ते जिथे जागा मिळेल तिथे घुसतं. एवढं भक्कम मूळ म्हणजे झाड रुजलं, आता पुढच्या थंडीत फूल नक्की. हळदीकुंकूही त्या दिवसापासून कायमचं माझ्याकडे आलं. ते मी मागून घेतलं की अक्कानं माझ्या गळ्यात मारलं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पण माझ्या हातचा पन्ह्याचा दुसरा पेला ती आता हक्कानं मागते, आणि मला ते फार आवडतं.

मुळांच्या बाबतीत आता मला कोणी फसवू शकत नाही. या थंडीत पानाच्या बगलेतून पुन्हा एक हिरवं टोक बाहेर आलं. श्रीधर म्हणाला, “अक्काला फोटो पाठव.” मी हसले. म्हटलं, “काही गरज नाही. चष्म्याशिवाय सांगते, मूळ आहे. पाटाला धरायच्या आधीच आत वळवते.” आणि अगदी हलक्या हातानं, एखाद्या जाणकारासारखं, ते टोक कोळशांकडे वाकवलं.

कट्!

तुटलेल्या तुकड्याचा फोटो मी अक्काला पाठवला. या वेळी ‘टायपिंग’ दिसलंच नाही, लगेच उत्तर आलं: ‘अय्यो. ही काडी होती.’

तेव्हा यंदाही गौरीला सदाफुलीच. ती मजेत आहे, बादलीभर फुललीय. तिच्यासाठी छानशी नवी कुंडी आणावी असं माझ्या मनात होतं, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून युटिलिटीच्या दाराला कुलूप लावलं आहे आणि किल्ली अत्तेंकडे जयनगरला आहे.